डाव्या हातानं उचललेला नारळ

माजा नवरा चोर नाय. मुका पण नाय. तो तांडेल हाय, होडीचा म्होरक्या, आणि सगळी गोम तिथंच हाय.

आमच्या कोळीवाड्यात एक रीत हाय. कुणाचं जाळं कापलं गेलं, कुणाच्या वाळत घातलेल्या बोंबलांत कुणाची गुरं शिरली, की जमात गावदेवीच्या ओट्यावर बसते. पाटील मधोमध नारळ ठेवतो. काय झालं, कसं झालं, कुणी बघितलं, हे कुणी इचारत नाय. ज्या होडीचं नाव निघालं तिच्या तांडेलानं पुढं यायचं आणि नारळ उचलायचा. उचलला की चूक त्याची. मग तो देवीपुढं फोडायचा, सगळ्यांनी खोबरं खायचं, आणि त्या गोष्टीचं पुन्हा नाव काढायचं नाय. खलाशानं केलेलं असलं तरी तांडेलानंच उचलायचा. त्यात लाज नाय, उलट मान हाय, असं आमाला लहानपणापासून शिकवलेलं.

मान! माज्या सासऱ्यानं हा मान तीनदा घेतला. माज्या नवऱ्यानं, दामूनं, तोवर दोनदा. देवू पाटलाच्या घरच्या तीन होड्या, पण त्याच्या घरात कुणी एकदा जरी नारळ उचलल्याचं दाखवा, मी त्याच्या दारी पाणी भरीन. पण हे मला दिसलं कधी, तर घरात आग लागल्यावर.

साल सासष्ट. तारापूरला अणुविजेचं मोठं काम चालू होतं ती वर्षं. पाम गावाच्या अंगाला एका ठेकेदाराचं गोदाम होतं. तिथून तांब्याच्या केबलीचं अख्खं भेंडोळं गेलं. गोदामाचा राखणदार बोलला, खाडीत होडी बघितली, निळ्या पट्ट्याची. झालं. गुरुवारी सकाळी हवालदार दोन शिपाई घेऊन आमच्या किनाऱ्यावर हजर. पहिलं काम काय केलं, तर सगळ्या होड्या अडकवल्या. बोलला, "चोर हातात पडल्याशिवाय एक होडी पाण्यात जायची न्हाई."

माघातली अमावस्या होती. आमची डोलीची मासेमारी, जाळं समुद्रातल्या खुंटाला बांधायचं आणि पाण्याच्या ओढीनं ते भरायचं. उधाण असलं तरच ओढ. महिन्यातले तेच चार दिवस, आणि हा बाबा होड्यांसमोर खुर्ची टाकून विड्या ओढीत बसला. तासाभरात अख्खा कोळीवाडा कासावीस. देवू पाटील हवालदाराच्या कानाशी लागला, मग ओट्यावर आला, आणि नारळ ठेवला.

निळा पट्टा आमच्या होडीला होता, खरं हाय. पाटलाच्या तीनांतल्या दोन होड्यांना पण निळाच पट्टा. ते त्या दिवशी कुणाला दिसलं नाय. सगळ्यांचे डोळे दामूकडं. आणि हा शहाणा उठला, चालत गेला आणि नारळ उचलला. डाव्या हातानं.

डाव्या हातानं का? तर उजवा हात सुजून पपईएवढा झालेला. चार दिवसांआधी जाळं झाडताना शिंगाळा माशाचा काटा तळव्यात घुसला होता. ज्याला शिंगाळा लागलाय त्याला इचारा, चार-चार दिवस माणूस हात छातीशी धरून फिरतो. केबल गेली त्या दिवशी हा घरात कण्हत पडलेला. मी हळदीचे लेप लावत होते, सासू तानी फुंकर घालत होती. जेवताना घास मी भरवला. हा केबल उचलणार?

मी ओरडले, "अवो, हातात वल्हं धरवत नाय तुमच्या!" पाटील बोलला, "बायांनी जमातीत बोलायचं नाय, भागी." आणि हवालदाराकडं वळून बोलला, "झालं साहेब. कबूल झाला."

सगळ्यांना वाटलं आता नारळ फुटंल, हवालदार खोबरं खाईल आणि होड्या सुटतील. दामूला पण तेच वाटलं. हवालदारानं खिशातून बेडी काढली. गडबडीत नारळ एका शिपायानं आपल्या पिशवीत टाकला, तो पण गेला. जाता जाता हवालदार पाटलाला सांगून गेला, "उद्या पालघरच्या कोर्टात साहेबांम्होरं हेच बोलला की काम फत्ते. सांच्याला घरी पाठवतो." माजा नवरा मान डोलवत होता. मला खूण पण केली, रडू नको म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेली माज्या. मी रडत नव्हते, मला त्याला हाणायचा होता.

ते गेले तसे अख्खे पुरुष होड्यांकडं पळाले. एकानं मागं वळून बघितलं नाय. पाटलाची होडी पहिली पाण्यात.

आता मी काय करणार? मी मासळी इकणारी बाई. पालघरला माजी चार घरं ठरलेली, त्यांतलं एक कमलाकांत वकिलांचं. त्यांची बायको हंसाबाई पापलेटाचे कल्ले उघडून बघितल्याबिगर हात लावायची नाय, आमची रोजची भांडणं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाटीशिवाय तिच्या दारात उभी राहिले. संध्याकाळची एस.टी. धरून गेले होते, डोकं रिकामं, तर मान कशी धरावी ते समजंना. हंसाबाईनं एका नजरेत ओळखलं आणि आत हाक मारली.

वकीलसाहेब सडपातळ, चष्मेवाले, चहा बशीत ओतून पिणारे. सगळं ऐकलं. मग इचारलं, "नेलं किती वाजता?"

"घड्याळ कुठलं आमच्याकडं? पण पाणी पुरं भरलं होतं. अमावस्येची भरती, म्हणजे बाराचा सुमार."

"मग उद्या बाराच्या सुमारास त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागेल. चोवीस तास, आणि वर फक्त वाटेचा वेळ. त्यापुढे पोलिसाला त्याला ठेवता येत नाही."

"ते तर उद्या आणणारच हायत. हा बोलंल, मीच केलं, आणि संध्याकाळी सोडतील."

वकिलांनी बशी खाली ठेवली. "सोडतील? भागी, नीट ऐक. आज पाटलासमोर, हवालदारासमोर तो जे बोलला किंवा त्यानं जे उचललं, ते कोर्टात कबुली म्हणून चालत नाही. पोलिसापुढची कबुली कायदा मानत नाही. हा कायदा इंग्रजांच्या वेळचा, म्हणजे त्यांनाही स्वतःच्या पोलिसांचा भरवसा नव्हता. म्हणून तर हवालदार त्याला मॅजिस्ट्रेटकडे नेतोय. तिथे बोललेलं मात्र लिहून घेतात आणि तेच त्याच्या गळ्यात बांधतात. तुरुंग आहे त्यात. नारळ नाही."

मग इचारलं, "आणि नाय बोलला तर? मारतील?"

"नाही बोलला तर काही नाही. बोलायची सक्ती कुणीही करू शकत नाही, मॅजिस्ट्रेटसुद्धा नाही. ते स्वतः त्याला तसं सांगतील. हा त्याचा हक्क आहे. वकिलाशी बोलायचा हक्क आहे. कशासाठी पकडलं ते विचारायचा हक्क आहे."

हक्क, हक्क, हक्क. मला त्या माणसाचा पण राग आला. एवढं सगळं लिहून ठेवलंय, आणि आमच्या किनाऱ्यावर येऊन एक माणूस सांगत नाय? शाळेच्या मास्तरानं सांगितलं नाय, मतं मागायला आले त्यांनी सांगितलं नाय. आमाला ठाऊक काय, तर नारळ. मी तसं बोलून पण दाखवलं. हंसाबाई बोलली, "बरोबर बोलतेय ती," आणि मला ताट वाढलं. मी जेवले नाय.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच आमी कोर्टाच्या व्हरांड्यात. बाराला थोडं असताना दामूला आणलं. बेडी डाव्या हाताला, उजवा छातीशी धरलेला. वकील पुढं झाले. हवालदार आडवा आला, "आरोपी कबूल हाय, वकील कशाला?" वकिलांनी आवाज चढवला नाय, पण असं काही बोलले की हवालदार दोन पावलं मागं सरला. राज्यघटना हा शब्द मला तेवढा कळला.

मग वकील दामूला समजावू लागले. बोलायची सक्ती नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरतील, विचार करायला वेळ माग. सगळं सरळ, शुद्ध, छापल्यासारखं. दामू मूग गिळून पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा. शेवटी बोलला, "साहेब, तुमी भले माणूस. पण मी नारळ उचललाय."

वकिलांनी माज्याकडं बघितलं. मी पदर खोचला.

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. चारचौघांत मी नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली.

"दाम्या! मेल्या, कुठं ठेवलीस केबल?"

त्यानं दचकून वर बघितलं.

"सांग ना! नारळ उचललास ना? आत साहेब इचारंल, कुठं ठेवलीस? काय सांगशील? जमातीत कुणी इचारत नाय, इथं इचारतात! कुठं पुरलीस? कुणाला इकलीस?"

"हवालदार बोलले, खाडीच्या तोंडाशी पुरली असं सांग..."

"हवालदार बोलले!" मी अशी किंचाळले की कोर्टातले कारकून बाहेर आले. "आणि उचललीस कशी? भेंडोळं चौघांना हलंना असं राखणदार सांगतो. तू नारळ पण डाव्या हातानं उचललास! साहेब येडा हाय? तो इचारंल, बरोबर कोण होतं? मग? देशील आपल्या होडीवरच्या पोरांची नावं? सोमीच्या नवऱ्याचं देशील? सोमीला सातवा लागलाय! तू समजतोस तू पोरांना वाचवलंस. अरे, तू नारळ उचलून पोरांना दोरी बांधलीस! आणि होडी? केबल होडीतून नेली म्हणतोस तर होडी घरी राहील? ती पण जप्त!"

हवालदार ओरडला, "ए बाई, लई बोलतीस! आत टाकू का तुला बी?"

"टाक!" मी बोलले. "पण आधी कशासाठी टाकतोस ते सांग. सांगावं लागतं तुला. हक्क हाय माजा!"

व्हरांड्यात एक-दोघं हसले. मी हसत नव्हते. मी दामूकडं बघत होते. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा भीती दिसली. कालपासून तुरुंगाची भीती वाटली नव्हती त्याला, पोरांची वाटली.

"अठरा वर्षं मी तुज्या तोंडातून शब्द काढायला मरते," मी बोलले. "काय जेवणार इचारलं तरी हुं. घरात घुम्या, आणि दुसऱ्याचं पाप घ्यायचं म्हटलं की तोंड उघडतं तुजं. आज एक दिवस गप्प रहा. देवीच्या पायाशपथ, पुन्हा कधी बोल म्हणणार नाय."

शिपायानं हाक दिली. दामू आत गेला. हवालदार पण त्याच्या मागं निघाला, तसा दारातूनच परत आला, तोंड पाडून. साहेबानं पोलिसांना बाहेर काढलं होतं.

दार बंद. आत माजा नवरा आणि एक परका माणूस. अर्धा तास मी त्या दाराकडं बघत बसले. जन्मात कधी इतका वेळ गप्प बसले नाय. वाटलं, बोलला असंल. ह्याच्या बापानं तीनदा उचललेला, रक्तातच हाय ह्यांच्या. दार उघडलं. कारकून बाहेर येऊन वकिलांना बोलला, "आरोपीला काही सांगायचं नाही. पोलिसांकडे परत द्यायचं नाही, सब-जेलमध्ये ठेवायचा हुकूम आहे."

हवालदारानं टोपी काढून मांडीवर आपटली. मी भिंतीला टेकले आणि तेव्हा कुठं रडले.

सोमवारी जामीन झाला. जामीन राहायला कोळीवाड्यातला एक जण आला नाय. माहीमहून माजा भाऊ आला. पुढं महिन्याभरात केबल सापडली, राखणदाराच्या मेव्हण्याच्या घरामागं, गवताखाली. मेव्हण्याकडं होडीच नव्हती, बैलगाडी होती. दामूवरचा खटला गळून पडला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती सुळी थोडक्यात चुकली.

तुमाला वाटंल, संपलं. कोळीवाड्यानं येऊन माफी मागितली. हात्तिच्या!

केबल सापडल्याच्या तिसऱ्या दिवशी देवू पाटलानं जमात बोलावली. कशाला? तर दामूनं नारळ उचलून शब्द फिरवला. देवीचा अपमान झाला. उचललेला नारळ खाली टाकणारा तांडेल गावानं ह्याआधी बघितला नव्हता.

"अरे, पण चोरी त्यानं केलीच नव्हती!" मी मागून ओरडले.

"चोरीचं कोण बोलतंय?" पाटील बोलला. "रीतीचं बोलतोय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते उगाच नाय. बायको वकील घेऊन नाचली आणि गावाची अब्रू पालघरला टांगली. दामू, ह्या चुकीचा नारळ उचल, फोडू, आणि इसरून जाऊ. नाय उचललास तर तुजी तांडेली गेली. तुज्या होडीवर कुणी खलाशी येणार नाय."

नवा नारळ ओट्यावर ठेवला. शेंडी वर करून. सगळी जमात दामूकडं बघत होती, त्याचे खलाशी पण. सोमीचा नवरा तेवढा जमिनीकडं बघत होता. सासू तानी माज्या शेजारी उभी होती, तिनं माजा हात घट्ट धरला. तिनं तिच्या नवऱ्याला तीनदा वाकताना बघितलेलं.

मी गप्प राहिले. देवीच्या पायाशपथ घातली होती ना मी, बोल म्हणणार नाय म्हणून. जीभ चावून उभी होते.

दामू उठला. नारळाजवळ गेला. उजवा हात आता बरा झाला होता, तळव्यात काळा डाग तेवढा राहिलेला. मला वाटलं, उचलतोय. तो वाकला नाय.

"पाटील," तो बोलला, "पालघरच्या साहेबानं मला बसायला सांगितलं. आधी बोलला, मी पोलीस नाय. मग बोलला, तुज्यावर सांगायची सक्ती नाय. नाय सांगितलंस तरी पोलिसाच्या हातात देणार नाय. मग इचारलं, तुला कुणी मारलं काय? माज्या हाताकडं बघून इचारलं. मी बोललो, शिंगाळ्यानं. तेवढंच बोललो. मग इचारलं, कुणी धमकी दिली काय? कुणी लालूच दाखवली काय? कबूल व्हावं असं तुला का वाटतं?"

एवढं सलग बोललेलं मी पण कधी ऐकलं नव्हतं.

"तो माणूस मला ओळखत नाय. माजं गाव त्यानं बघितलं नाय. आणि पाटील, मी ह्या ओट्यावर दोनदा वाकलो, केबलीचा धरून तीनदा. माजा बाप तीनदा वाकला. एकदा तरी तुमी इचारलंत, दामू, तू हे केलंस काय?"

दामू मागं वळला आणि घराकडं चालू लागला. सोमीचा नवरा उठला आणि त्याच्या मागं गेला. मग दुसरा खलाशी. मग तिसरा. तानी माजा हात सोडून लेकाच्या मागं निघाली.

नारळ तसाच ओट्यावर. उचलणार कोण?

मी उचलला. पदर खोचून सगळ्या जमातीसमोर ओट्यावर चढले आणि उजव्या हातानं उचलला. "अगं बाई!" म्हणून कुणीतरी तोंडावर हात घेतला. पाटील ओरडला, "भागी! नारळ उचलला म्हणजे चूक कबूल केली असं होतं!"

"कुणी बघितलं? काय बघितलं? आधी ते सांगा," मी बोलले. "घरात बोंबील हायत, खोबरं संपलंय."

घरी नेला, उंबऱ्यावर फोडला, आणि कालवणात घातला. दामू दोनदा मागून जेवला. कसं झालंय म्हणून मी इचारलं, तर बोलला, हुं.